टकमक टोक, रायगड: कडा, वारा आणि जळालेली बाजारपेठ

रायगडावर गेल्यावर टकमक टोकाला जावं का? जावंच. रोपवेने वर येऊन दोन तासांत राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वर आणि समाधी उरकून खाली पळणाऱ्यांची नेमकी हीच फेरी राहून जाते, आणि गडावरची सगळ्यात देखणी चाल हीच आहे. मात्र ऋतू, वेळ आणि वारा यांपैकी एकाचाही अंदाज चुकला तर साडेचार ताऱ्यांची ही जागा एकदम शून्यावर येते.

आधी दिशा समजून घ्या. गडाला चार टोकं: पश्चिमेला हिरकणी, उत्तरेला टकमक, पूर्वेला भवानी, दक्षिणेला श्रीगोंदे. महादरवाज्याची तटबंदी एका बाजूला हिरकणीकडे आणि दुसऱ्या बाजूला टकमककडे जाते. त्यामुळे पायऱ्यांनी येणाऱ्याला टकमकचा कडा वर पोहोचण्याआधीच डोक्यावर दिसतो. रोपवेने येणाऱ्याला तो दिसत नाही. तो मेणा दरवाज्याच्या बाजूने राणीवशात शिरतो आणि गड सपाटच आहे अशी त्याची समजूत होते. टकमकवर बेफिकीरपणे वागणाऱ्यांत रोपवेवाले जास्त दिसतात, ते बहुधा यामुळेच.

टकमकची वाट होळीच्या माळावरून बाजारपेठेच्या रांगांशी आल्यावर सुटते. दुकानांच्या जोत्यांना मागे टाकून समोरच्या टेपावरून खाली उतरायचं. वाटेत दारूकोठाराचे अवशेष लागतात, त्यानंतर वाट हळूहळू निमुळती होत जाते. बाजारपेठेपासून टोकापर्यंत रमतगमत पंधरा-वीस मिनिटं लागतात. जाताना उतार असल्यामुळे येताना चढ आहे हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा. चढ फार नाही, पण एप्रिलच्या उन्हात तेवढाही जड जातो, कारण वाटेवर सावलीला झाड नाही.

शेवटच्या टप्प्यात डाव्या हाताला उतार आणि उजव्या हाताला तुटलेला कडा. या कड्याबद्दल एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. ‘उजवीकडे २६०० फुटांचा सरळ तुटलेला कडा’ हे वाक्य तुम्ही अनेक ठिकाणी वाचलं असेल. गडमाथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंचीच ८२० मीटर, म्हणजे सुमारे २७०० फूट. खालच्या वाड्या काही समुद्रकाठी वसलेल्या नाहीत, आणि टकमक म्हणजे बालेकिल्ल्याचा सर्वांत उंच माथाही नाही. तेव्हा २६०० फुटांचा सरळ कडा हिशेबातच बसत नाही. कडा खूप खोल आहे, पोटात गोळा आणणारा आहे, आणि तेवढं पुरेसं आहे. फुटांची भर घालायची गरज नाही.

आता ज्यासाठी बहुतेक लोक इथे येतात तो विषय. टकमक म्हणजे शिक्षेची जागा. इथून गुन्हेगारांचा कडेलोट करत. कडेलोट ही त्या काळातली शिक्षा होती आणि प्रतापगडासारख्या इतर गडांवरही कडेलोटाच्या जागा दाखवल्या जातात. पण टकमकवर उभं राहून काही वाटाडे जे आकडे ठोकून देतात, ते ऐकणाऱ्यांचे चेहरे बघून वाढत जातात. कुणी अण्णाजी दत्तोंना इथूनच लोटलं असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १६८१ साली संभाजीराजांविरुद्धच्या कटात सापडलेल्या अण्णाजींना हत्तीच्या पायी देण्यात आलं, टकमकवरून लोटण्यात आलं नाही. वाटाडा घ्यायचाच असेल तर निघण्यापूर्वी त्याला एक प्रश्न विचारा: ‘१८१८ मध्ये गडावर काय झालं?’ नीट उत्तर देणारा माणूस टकमकही नीट दाखवेल.

कारण रायगडाचा काळा इतिहास टोकावर कमी आणि टोकाकडे नेणाऱ्या वाटेवर जास्त आहे. ज्या जोत्यांमधून तुम्ही चालत जाता त्यांवर भिंती का नाहीत? राजवाड्याची फक्त जोती का उरली? वरचं बांधकाम लाकडाचं होतं आणि ते जळालं. १८१८ च्या एप्रिलच्या अखेरीस कर्नल प्रॉथरच्या इंग्रजी फौजेने पाचाड घेतलं, वेढा आवळला आणि पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या. दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई त्या वेळी गडावर होत्या. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तोफगोळ्यांनी गडावर आग लागली, वाड्यांनी पेट घेतला आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला. ज्या नगरीत ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, तिची राख व्हायला काही दिवस पुरले. टकमकच्या वाटेवरच्या दारूकोठाराच्या पडक्या भिंतींपाशी दोन मिनिटं थांबलात तर हे आपोआप जाणवतं. बहुतेक जण त्या भिंतींवर पाय देऊन पुढे जातात. तसं करू नका. दगड सुटे आहेत आणि त्यावरून पाय मुरगळलेले बरेच जण परत येतात.

त्याआधीची पडझड आगीची नव्हती, कैदेची होती. संभाजीराजांच्या हत्येनंतर मार्च १६८९ मध्ये इतिकादखानाने (पुढचा झुल्फिकारखान) रायगडाला वेढा घातला. एप्रिलमध्ये राजाराम महाराज गडावरून निसटले, येसूबाई गडावर थांबल्या. ३ नोव्हेंबर १६८९ रोजी गड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहू १७०७ मध्ये सुटले, येसूबाई १७१९ मध्ये. म्हणजे एका बाईची तीस वर्षं त्या एका नोव्हेंबरने घेतली. गड १७३३ मध्ये मराठ्यांकडे परत आला, तोवर तो आधी मोगलांच्या आणि मग जंजिऱ्याच्या सिद्दीच्या ताब्यात होता. हे सगळं टकमकवरून दिसत नाही. राणीवशाच्या जोत्यांपाशी आठवावं लागतं. रोपवेने आलात तर पहिली भेट त्याच जोत्यांशी होते.

टकमकची एक गंमतही आहे, आणि ती मुलांना कडेलोटापेक्षा जास्त आवडते. शिवाजी महाराजांवर छत्री धरणारा सेवक टोकावरच्या वाऱ्याने छत्रीसकट उडाला आणि खाली निजामपुराजवळ सुखरूप उतरला. म्हणून त्या गावाला छत्री निजामपूर नाव पडलं. ही दंतकथाच, पण तिच्यात एक खरी सूचना दडलेली आहे: इथला वारा.

टोकावर खरा धोका वाऱ्याचाच आहे. दरीतून येणारा वारा कड्याच्या भिंतीवर आदळतो, वर चढतो आणि कडेवर येऊन एकदम सुटतो. बाजारपेठेत झुळूक वाटत असेल तर टोकावर जोरदार झोत असतो. त्यातही तो एकसारखा नसतो; एका क्षणी पूर्ण थांबतो आणि अंग सैल सोडलं की दणका देतो. माणसं घसरतात ती बहुतेक वेळा वाऱ्यामुळे थेट नाही, तर वाऱ्याने उडालेली टोपी, ओढणी किंवा मोबाइल पकडायला हात पुढे गेल्यामुळे. म्हणून बाजारपेठेतच टोपी काढून पिशवीत टाका, ओढणी कमरेला घट्ट बांधा, पावसाळी पोंचो असेल तर तो काढा (तो शिडासारखा फुगतो) आणि मोबाइलला गळ्यातली दोरी असेल तरच बाहेर काढा. छत्री टोकावर उघडायचीच नाही. वरची दंतकथा वाचली असेलच. सोप्या परीक्षेसाठी दारूकोठाराशी दोन मिनिटं शांत उभे राहा. तिथेच अंगावरचे कपडे फडफडत असतील आणि मधूनच पाऊल हलवून तोल सांभाळावा लागत असेल, तर टोकाचा शेवटचा निमुळता भाग त्या दिवशी सोडून द्या. दृश्य अलीकडूनही जवळजवळ तेवढंच मिळतं.

लोखंडी कठडा जिथे आहे तिथे तो हात धरायला आहे, पाठ टेकायला नाही. उघड्यावर बारा महिने पाऊस, ऊन आणि वारा सोसणारं लोखंड आतून किती गंजलंय हे बाहेरून कळत नाही, आणि कठड्याच्या पायातले दगडही कड्याचेच आहेत. लहान मुलांचा हात धरण्यापेक्षा मनगट धरा. घामाने हात सुटतो, मनगट सुटत नाही. आणि टोकावर एका वेळी चार-पाच जणांपेक्षा जास्त जाऊ नका. जागा कमी आहे, आणि परत येणाऱ्याला वाट द्यायला कडेकडे सरकणारा माणूसच सर्वांत धोक्यात असतो. आपल्यापुढे गट असेल तर अलीकडच्या रुंद जागेत थांबा.

आता ऋतू. सर्वांत उत्तम काळ म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. पण या काळात एक फसवा धोका असतो: वाळलेलं गवत. पाऊस संपला की हिरवं गवत पिवळं पडून उताराच्या दिशेने आडवं होतं आणि त्यावर बूट अक्षरशः स्केटिंग करतो. गवतावरून नाही, उघड्या मातीवरून किंवा दगडावरून पाय टाका. मार्चपासून गवत जळतं किंवा झडतं आणि खालचा घसारा मोकळा होतो. बारीक मुरमावर उतरताना पाय आडवा टाका, टाच आधी टेकवा. या काळात सकाळी नऊच्या आत टोकावरून परत निघालेलं बरं. काळा बसाल्ट एकदा तापला की तासन्‌तास उष्णता सोडत राहतो, आणि टोकावर तर सावली शून्य.

पावसाळ्यात गड अप्रतिम दिसतो. वाऱ्याने धबधब्यांचं पाणी कड्यावरून पुन्हा वर उडतं. पण पावसाळ्यात टकमकची शिफारस करता येत नाही, आणि कारण शेवाळ नाही. धुकं दाटलं की कडा दिसत नाही, आणि टकमकवर तर कडा दोन पावलांवर असतो. दुसरं म्हणजे पायऱ्यांची वाट स्वतःच ओहोळ बनते. ७ जुलै २०२४ रोजी जोरदार पावसात पायऱ्यांवरून पाण्याचा लोट सुटला, पर्यटक अडकले आणि त्यानंतर प्रशासनाने गड काही काळ पर्यटकांसाठी बंद ठेवला. याच महाड तालुक्यात २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर दरड कोसळली होती. त्यामुळे जून ते सप्टेंबर घरून निघण्यापूर्वी गड उघडा आहे का, हे विचारूनच निघा. ताम्हिणी किंवा वरंधा घाटातली दरड तुमचा दिवस आधीच संपवू शकते.

मोहोळांबद्दलही सांगायला हवं. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात. टोकावर सिगारेट, धूर, उग्र अत्तर किंवा दगडफेक काहीही नको. माशा उठल्या तर पळायला जागाच नाही, आणि टकमकवर घाईत पळणं हे माशांपेक्षा घातक. खाली वाका, चेहरा झाका आणि हळू हळू रुंद भागाकडे या.

दगडफेक म्हटलं की एक नाराजी नोंदवायलाच हवी. टोकावर आलं की अनेकांना खाली दगड टाकून तो किती वेळाने पोहोचतो हे मोजायची हुक्की येते. कड्याखाली गडाची प्रदक्षिणेची वाट आहे, गुरं असतात, गुराखी असतात. शेकडो फुटांवरून सुटलेला मुठीएवढा दगड माणसाला जिवंत ठेवत नाही. ज्या जागेवर कडेलोट व्हायचा म्हणून अंगावर काटा आल्याचं सांगायचं, तिथूनच दगड लोटायचे, हा प्रकार पाहिला की हसावं की रडावं कळत नाही.

पोहोचण्याबद्दल थोडक्यात. मुंबईहून मुंबई–गोवा महामार्गाने महाड आणि तिथून पाचाड, सुमारे २५ किलोमीटर. पुण्याहून ताम्हिणी–निजामपूर मार्गे किंवा वरंधा घाटाने महाड. वरंधा पावसाळ्यात अनेकदा बंद असतो. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेवर वीर किंवा माणगाव स्थानक, पुढे एसटी किंवा खासगी गाडी. वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, भारतीयांसाठी २५ रुपये.

पायी चढायचं तर पाचाड खिंडीतून चित्त दरवाज्याची वाट. सुरुवातीला खूबलढा बुरूज, मग मशीद मोर्चा, आणि पुढे खरी चढण संपवून महादरवाजा. या दरवाज्याकडे बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा: दोन प्रचंड बुरुजांच्या मधे तो असा वळणात बसवला आहे की शेवटच्या वळणापर्यंत तो दिसतच नाही. पायऱ्या किती, या प्रश्नाला प्रत्येक मोजणारा वेगळं उत्तर देतो. दीड हजारांच्या आसपास समजा. सराव नसलेल्याला दीड ते अडीच तास, उतरताना सव्वा तास. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, आणि उतरताना त्रास दमाचा नाही तर गुडघ्यांचा होतो. काठी घ्या. चप्पल किंवा गुळगुळीत तळाचे बूट घातले तर महादरवाज्याजवळच्या झिजलेल्या दगडांवर पहिली आपटी ठरलेली.

रोपवेने चढण चार-पाच मिनिटांत संपते. हिरकणीवाडीतून १९९६ पासून तो चालू आहे. गुडघेदुखीवाल्यांसाठी आणि वयस्करांसाठी उत्तम. मात्र डबे छोटे आणि माणसं मोजकी, म्हणून शनिवार-रविवारी रांग तासन्‌तास चालते, आणि वारा वाढला की सेवा थांबते. म्हणजे टकमकवर ज्या दिवशी वारा जास्त, त्या दिवशी परतीचा डबाही थांबू शकतो. पायऱ्यांनी उतरता येईल एवढा वेळ आणि दम हाताशी ठेवा. ६ जूनला आणि तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला गडावर लाखोंची गर्दी असते. तेव्हा शिवराज्याभिषेकासाठी या. टकमक दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

माणशी दोन लिटर पाणी, मार्चनंतर तीन. गंगासागर तलाव बघायला सुंदर, पण त्याचं पाणी थेट पिऊ नका. वाटेवर स्थानिक बायका ताक, लिंबू सरबत, कोकम सरबत आणि काकडी विकतात. ताकाला पाचपैकी पाच, मीठ नेमकं असतं. वर पिठलं-भाकरी मिळते, पण पाचाडमध्ये सकाळी घरगुती जेवण सांगून ठेवलंत तर दुपारी गरम भाकरी मिळते, आणि ती वरच्यापेक्षा सरस.

एका फेरीत काय काय जमतं? थंडीच्या दिवसांत सकाळी सातला चित्त दरवाज्यातून निघालात तर नऊ-साडेनऊला वर, राजसदर आणि होळीचा माळ बघून दहाच्या सुमारास टकमक, तिथून परतून अकरापर्यंत जगदीश्वर आणि समाधी. जगदीश्वराच्या पायरीवरचा ‘सेवेचे ठायी तत्पर हिराजी इंदुलकर’ हा शिलालेख वाचायला चुकू नका. गड बांधणाऱ्याने आपलं नाव पायरीत कोरलं. लिंगाणा बघायचा असेल तर टकमकवर शोधत बसू नका. तो पूर्वेला आहे, भवानी टोकाच्या बाजूने उत्तम दिसतो. टकमकवरून उत्तरेची दरी, खालच्या वाड्या आणि काळ नदीचं खोरं दिसतं. फोटोसाठी सकाळचा प्रकाश चांगला. दुपारी कडा धूसर होतो. सूर्यास्ताचा मोह टाळा. अंधारात महादरवाज्याच्या पायऱ्या उतरणं म्हणजे दिवसभराच्या चालीची कमाई घालवणं.

उतरल्यावर पाचाडला अर्धा तास द्या. जिजाऊंना वरची थंड हवा मानवत नव्हती म्हणून महाराजांनी इथे त्यांच्यासाठी वाडा बांधला. राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जून १६७४ रोजी त्या इथेच गेल्या. वाड्याच्या आवारात दगडी तक्क्याची विहीर आहे, समाधी जवळच आहे, गर्दी वरच्यापेक्षा कितीतरी कमी असते. वर जाताना दमलेल्यांची पाचाडकडे नजर वळत नाही, म्हणून परतीलाच ही जागा ठेवा.